प्रतिकृतीला जमिनीचा दाखला

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले लाकडी महाल कित्येक दिवस जळत राहून नामशेष झाले. आज तेथे उभा आहे तो नऊ बुरुजांचा तट, त्यातले पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, आणि आत हिरवळीतून डोकावणारी महालांची जोती. ही जोती पाहून त्यांवरचे चौक, दिवाणखाने आणि माड्या पुन्हा उभ्या कराव्यात, असा मोह वास्तुशास्त्राच्या कोणाही अभ्यासकाला झाल्यावाचून राहत नाही. आणि आता तो पुरविण्यासाठी लाकूड, पुठ्ठा किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस यांची गरज राहिलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर भिंती उभाराव्या, सुरूचे खांब घडवावे, छपरे चढवावी, आणि सिद्ध झालेली प्रतिकृती आंतरजालावर कोणालाही फिरवून पाहता यावी अशी ठेवावी, एवढे साधन सामान्य विद्यार्थ्याच्याही हाती आले आहे.

परंतु पांढऱ्या पार्श्वभूमीवर अधांतरी उभी असलेली प्रतिकृती आणि पुण्याच्या हवाई छायाचित्रावर नेमक्या त्याच जोत्यांवर उभी केलेली प्रतिकृती, या दोहोंत जो फरक आहे तो केवळ शोभेचा नव्हे. पहिलीचे फार तर कौतुक करता येते. दुसरीची उलटतपासणी करता येते. तिच्या तटाचे कोपरे आजच्या तटाशी जुळतात की नाही, तिच्या चौकांची मापे उरलेल्या जोत्यांच्या आत बसतात की नाही, कसबा पेठेच्या बाजूने येणाऱ्या माणसाला तिचा कोणता मजला दिसला असता आणि मुठेच्या पात्रातून कोणता, हे प्रश्न विचारावयास जमीन लागते. जमिनीचा दाखला मिळाला की कल्पनेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते, आणि या साऱ्या उद्योगाचे खरे मोल मला याच ठिकाणी दिसते.

वास्तूची प्रतिकृती भोवतालच्या भूमीसह पाहण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधी ओळखली गेली होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दीत, त्याचा युद्धमंत्री लुव्हा याच्या पुढाकाराने, १६६८ पासून सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. बहुतेक सहाशेपटीने लहान केलेल्या या प्रतिकृतींतून तटाबाहेरची शेते, ओढे, टेकड्या आणि रस्ते तोफेच्या पल्ल्यापर्यंत दाखवीत, कारण किल्ल्याचे बळाबळ त्याच्या भिंतीइतकेच भोवतालच्या जमिनीवर अवलंबून असते, हे त्या काळच्या सेनापतींना ठाऊक होते. त्यांतील पुष्कळशा प्रतिकृती पॅरिसच्या लेझँव्हालीद या वास्तूतील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.

आपल्या काळात हीच कल्पना आंतरजालावर आली ती अल्पावधीत. गूगलने २००४ मध्ये कीहोल ही कंपनी विकत घेतली, २००५ मध्ये तिच्या पायावर गूगल अर्थ लोकांपुढे ठेवले, आणि २००६ मध्ये स्केचअप हे प्रतिकृती घडविण्याचे साधनही आपल्याकडे घेऊन पृथ्वीचे चित्र आणि त्यावर ठेवावयाची इमारत यांची सांगड घातली. जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या गावातील देवळे, चर्च, स्थानके आणि नगरभवने मोठ्या निष्ठेने घडवून त्या गोलावर नेऊन ठेवली. २००८ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळचे, म्हणजे इसवी सन ३२० चे, अवघे रोम शहर आजच्या रोमच्या जागी उभे केले गेले. पुढे विमानातून निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणक आपोआप शहराचे उठावदार चित्र तयार करू लागला. तेव्हा २०१२ मध्ये स्केचअप ट्रिंबल या कंपनीकडे गेले आणि २०१३ मध्ये लोकांनी घडविलेल्या इमारती त्या पृथ्वीगोलावर घेण्याचा शिरस्ता बंद पडला. आज सीझियमसारखी खुली साधने आणि ओपनस्ट्रीटमॅपसारखा लोकांनीच रेखाटलेला नकाशा उपलब्ध असल्यामुळे एखाद्या कंपनीच्या मर्जीवाचूनही हे काम करता येते, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता हे काम होते कसे, ते पाहू. पडद्यावर दिसणारे हवाई छायाचित्र हे नुसते चित्र नसते. त्यातील प्रत्येक ठिपका पृथ्वीवरील एका ठरावीक जागेचा प्रतिनिधी असतो. अवघ्या जगाचे चित्र एका चौरसात बसवून त्याचे चार, चाराचे सोळा असे तुकडे पाडीत जावे, आणि प्रत्येक तुकडा साधारणतः २५६ ठिपके लांब व तितकाच रुंद ठेवावा, अशी ही योजना आहे. अठराव्या पायरीला पोहोचले म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर एक ठिपका सुमारे ५७ सेंटिमीटर जमिनीइतका होतो. गोल पृथ्वी सपाट चौरसात बसविण्यासाठी जी पद्धत वापरतात ती मूळची गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये दर्यावर्दी लोकांसाठी योजलेली. दिशांचे कोन राखावे आणि अंतरे ताणली गेली तरी चालवून घ्यावे, हे तिचे तत्त्व असल्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे सारे मोठे दिसू लागते. पुण्याला हा ताण सुमारे साडेपाच टक्के आहे, लंडनला तो साठ टक्क्यांवर जातो. जाणती साधने हा हिशेब आपणच करतात. परंतु ज्याने तो कधी ऐकलेलाच नाही अशा माणसाने शंभर मीटरांची भिंत त्या चौरसाच्या मापातले शंभर एकक समजून ठेवली, तर ती जोत्यावर पाच मीटरांहून अधिक आखूड पडते. मग आपलेच मोजमाप चुकले असे समजून तो ती भिंत ओढून लांब करतो, आणि खरे माप असलेली प्रतिकृती बिघडून बसते.

पृथ्वीचा आकार मानावा कोणता, हा त्याहून जुना प्रश्न आहे, आणि त्याचा एक धागा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटपर्यंत येतो. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, आणि वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकता सरकता १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने या मोजणीवरून पृथ्वीच्या लंबगोलाची जी मापे १८३० मध्ये निश्चित केली, ती हिंदुस्थानच्या भूभागाशी चांगली जुळणारी होती, आणि सर्वेक्षण खात्याचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच आधारे निघत राहिले. उपग्रहांच्या युगात मात्र साऱ्या पृथ्वीला एकच लंबगोल हवा झाला, आणि १९८४ मध्ये ठरलेले जागतिक मान सर्वत्र रूढ झाले. मोबाईलमधील स्थानदर्शक यंत्रणा आणि आंतरजालावरील नकाशे याच मानाने चालतात. परिणाम असा, की जुन्या सर्वेक्षण नकाशावरील शनिवारवाड्याचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उचलून आजच्या हवाई छायाचित्रावर टाकले तर वाडा आपल्या जागेपासून शेकडो फूट दूर जाऊन पडतो. यात जुन्या मोजणीदाराचा दोष नाही आणि नव्या उपग्रहाचाही नाही. आकड्यांबरोबर ते कोणत्या मानाचे आहेत याची नोंद केली नाही, एवढाच काय तो दोष.

जुना कागद आणि नवे चित्र यांची गाठ घालावयाची तर दोहोंतही निःसंशय ओळखू येतील अशा खुणा हव्यात. शनिवारवाड्याच्या बाबतीत दैव अनुकूल आहे. आगीने महाल नेले, पण तट आणि दरवाजे राखले, त्यामुळे बुरुजांचे मध्य आणि दरवाजांची तोंडे यांचा आधार घेता येतो. अशा खुणा एका कोपऱ्यात गर्दी करून घेण्यापेक्षा चारी बाजूंना पसरून घ्याव्यात, आणि गरजेपेक्षा दोन-तीन अधिक घ्याव्यात, म्हणजे शिल्लक राहिलेल्या खुणा आपल्या कामाची पडताळणी करतात. येथे एक गोष्ट सहज निसटते. आकाशातून तिरकस घेतलेल्या चित्रात उंच इमारती एका अंगाला कललेल्या दिसतात, त्यांची छपरे मूळ जागेवरून सरकलेली असतात. म्हणून प्रतिकृती जुळवावयाची ती छपराच्या कडेशी नव्हे, तर भिंत जमिनीला मिळते त्या रेषेशी.

सावल्यांचेही असेच आहे. पृथ्वीचे निरीक्षण करणारे पुष्कळसे उपग्रह स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात, त्यामुळे हिवाळ्यात घेतलेल्या त्यांच्या चित्रात आपल्याकडच्या इमारतींच्या सावल्या वायव्येकडे पडलेल्या असतात. प्रतिकृतीवर मात्र संध्याकाळचा सूर्य लावलेला असेल आणि तिच्या सावल्या पूर्वेकडे लांबत असतील, तर पाहणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते हे निश्चित. उलटपक्षी चित्राची तारीख व वेळ ठाऊक असली तर सावलीच्या लांबीवरून शेजारच्या इमारतीची उंची काढता येते, आणि आपल्या प्रतिकृतीची उंची तिच्याशी ताडून पाहता येते.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो उंचीच्या बाबतीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, असे आपण शाळेत शिकतो. पण ज्या लंबगोलाच्या हिशेबाने संगणकातील पृथ्वीगोल बनलेला असतो, त्याचा पृष्ठभाग आणि समुद्राची सरासरी पातळी या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पृथ्वीच्या पोटातील द्रव्य सर्वत्र सारखे वाटलेले नसल्यामुळे गुरुत्वाकर्षण कमीजास्त होते, आणि समुद्रपातळीचा कल्पित पृष्ठ कोठे वर उचललेला तर कोठे खाली गेलेला असतो. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात तो लंबगोलाच्या शंभर मीटरांहूनही खाली गेला आहे, जगात सर्वांत खोल तेथेच. पुण्यापाशीही तो साठ मीटरांहून अधिक खाली आहे. तेव्हा लंबगोलाची उंची मागणाऱ्या साधनाला समुद्रसपाटीपासूनची उंची दिली, तर वाडा जमिनीपासून वीस मजले वर तरंगू लागतो. असे तरंगणारे वाडे आणि देवळे आंतरजालावर विरळ नाहीत, आणि त्यांच्या कर्त्यांनी ती हाताने खाली ओढून जमिनीला टेकविली, की चूक लपते, पण नाहीशी होत नाही.

डोंगरी किल्ल्यांवर हा प्रश्न अधिक बिकट होतो. २०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. ज्या किल्ल्याचे सामर्थ्य कड्यात आहे त्याचे चित्र सपाट छायाचित्रावर उभे करणे म्हणजे किल्ल्याचा किल्लेपणाच काढून घेणे होय. त्यासाठी भूमीच्या उंचसखलपणाचे कोष्टक लागते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीतून असे कोष्टक जगाला मोफत मिळाले आहे, आणि त्यात प्रत्येक सुमारे ३० मीटरांवर एक उंची नोंदलेली आहे. शेतीच्या उताराला एवढे पुरते. रायगडाच्या टकमक टोकाला ते मुळीच पुरत नाही, कारण तेथे शेकडो मीटरांचा फरक तीस मीटरांच्या आत पडतो, आणि कोष्टक त्या सरळ कड्याचा उतार करून टाकते; मग कड्याच्या काठावर ठेवलेली चौकी अर्धी जमिनीत गाडली जाते किंवा अर्धी हवेत राहते. ड्रोनने घेतलेल्या काही सेंटिमीटरांच्या सूक्ष्मतेच्या मोजणीवाचून अशा जागी प्रामाणिक काम होणे कठीण आहे, असे माझे मत आहे.

लहानसहान चुकांचा तपशील सांगत बसण्यात अर्थ नाही, तरी दोन सांगितल्यावाचून राहवत नाही. काही नोंदपद्धतींत आधी अक्षांश लिहितात, काहींत आधी रेखांश. ही अदलाबदल झाली की पुण्याचा वाडा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडतो. आणि स्थान लिहावयाचेच राहिले तर तो शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पोहोचतो. दुसरी चूक डोळ्यांना दिसते पण उमगत नाही: पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेली साठ-चौसष्ट लाख मीटरांची संख्या संगणकाच्या चित्रयंत्राला साध्या अचूकतेने दिली, तर त्याला अर्ध्या मीटरहून बारीक फरक कळत नाही, आणि जवळ जाताच भिंती थरथरू लागतात. म्हणून इमारतीची मापे तिच्याच एखाद्या कोपऱ्यापासून मोजावी आणि फक्त तो कोपरा पृथ्वीवर ठेवावा, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

इतके सारे सोपस्कार केल्यावर हाती काय येते, ते एका आख्यायिकेवरून दिसून येईल. शनिवारवाड्याच्या सर्वांत वरच्या मेघडंबरीवरून आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराजांच्या मंदिराचा कळस दिसत असे, अशी पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा आहे. आळंदी वाड्यापासून उत्तरेकडे, किंचित ईशान्येला झुकून, सुमारे १८ किलोमीटरांवर आहे. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरची वस्तू सुमारे २५ मीटर खाली गेल्यासारखी होते, हवेतील किरणांच्या वाकण्यामुळे त्यातले तीन-चार मीटर परत मिळतात, आणि मध्ये दिघीच्या बाजूची उंच भूमी आडवी येते. प्रतिकृती अधांतरी असेल तर आख्यायिका सांगावी आणि ऐकावी, यापलीकडे काही करता येत नाही. ती योग्य मानाने, योग्य उंचीवर जमिनीवर उभी असेल, तर मेघडंबरीतून कळसापर्यंत एक सरळ रेषा ओढून ती कोठे जमिनीला घासते ते पाहता येते, आणि वाडा किती मजली मानला तर दृष्टी मोकळी होते, हा प्रश्नही उलट दिशेने विचारता येतो. श्रद्धेचा यात अवमान नाही. आपल्या वाडवडिलांनी जे सांगितले ते नीट ऐकून घेण्याचीच ही एक रीत आहे.

मात्र जमिनीचा दाखला ही दुधारी वस्तू आहे. खऱ्या शहराच्या खऱ्या छायाचित्रावर, खरी झाडे आणि खरे रस्ते यांच्यामध्ये उभा केलेला वाडा पाहणाऱ्याच्या मनात असा ठसा उमटवितो, की तोही तितकाच खरा आहे. वास्तविक तटाची खालची दगडी आणि वरची विटांची बांधणी प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आहे, जोत्यांवरून चौकांची रुंदी कळते, पण महालाच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी कशी होती याला बहुधा समकालीन वाड्यांच्या साधर्म्यावाचून दुसरा आधार नसतो. पुरावा, अनुमान आणि कल्पना या तिन्ही एकाच रंगात रंगविणे हा मी अपराध समजतो. वारसावास्तूंच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ मध्ये आकाराला आलेल्या लंडन सनदेने हीच अट घातली आहे, की कोणता भाग कशावरून काढला हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. आणि आंतरजालावर ती पाळणे अवघडही नाही. जे उभे आहे ते दगडाच्या रंगात, जे जोत्यावरून सिद्ध होते ते फिक्या रंगात, जे कल्पिले ते पारदर्शक, असे दाखवावे, आणि प्रत्येक भागाला हात लावताच त्याचा आधार वाचावयास मिळावा. असे केल्याने चित्राचे सौंदर्य कमी होते, अशी तक्रार ऐकू येते. मला ती मान्य नाही.

पूर्वी या कामात कायद्याचीही अडचण होती. सूक्ष्म नकाशे आणि हवाई चित्रे संरक्षणाच्या कारणास्तव सरकारी परवानगीच्या कक्षेत होती, आणि ती मिळविणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००९ मध्ये भुवन हे संकेतस्थळ खुले करून देशी उपग्रहांची चित्रे लोकांपुढे आणली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने काही संवेदनशील गोष्टी वगळून भारतीय नागरिकांना व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची व प्रसिद्ध करण्याची मुभा दिली. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू आहे, तिच्यातून घराघराची हद्द अचूक मानाने कागदावर येत आहे. शंकू साखळीने आणि फलक यंत्राने ज्या भूमी अभिलेख खात्याने गावे मोजली, त्याच्या दप्तरात हा मोठा पालट आहे.

या साऱ्याचा लाभ ज्यांनी प्रथम घ्यावा असे मला वाटते ते आपल्या वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी होत. जुन्या वास्तूंची फितीने मोजमापे घेऊन त्यांचे जोते, छेद आणि दर्शनी बाजू यांचे नकाशे काढणे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो. वाई, नाशिक, पैठण आणि पुणे येथील किती तरी वाडे अशा रीतीने मोजले गेले आहेत, आणि मोजून झाल्यावर त्यांतले पुष्कळ पाडले गेले आहेत. कागद उरले, पण त्यांवर बहुधा उत्तरेचा बाण आणि पेठेचे नाव यांपलीकडे जागेचा पत्ता नसतो, आणि बाणही पुष्कळदा रस्त्याला समांतर मानून अंदाजाने काढलेला असतो. वाड्याच्या चार बाहेरच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ते कोणत्या मानाचे, जोत्याची उंची कोणत्या पातळीपासून, आणि ज्या हवाई छायाचित्रावर ते ताडून पाहिले त्याची तारीख, एवढ्या चार ओळी नकाशाच्या कोपऱ्यात लिहावयास एक दुपार पुरे होते. मोबाईलचे स्थानदर्शन पेठेच्या अरुंद बोळात पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, म्हणून कोपरे छायाचित्रावरूनच निश्चित करावेत, आणि फीत घेऊन शेजारच्या देवळापर्यंत किंवा चौकापर्यंतचे एखादे अंतर मोजून ते पडताळावे. महाविद्यालयांनी हे नकाशे खुल्या स्वरूपात एकत्र ठेवले, तर पाडून टाकलेला वाडाही नंतर कोणाला त्याच्या मूळ जागी, शेजाऱ्यांच्या भिंतींना भिंत लावून, उभा करून पाहता येईल, आणि त्या बोळाची रुंदी, चौकातले ऊन व पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाट ही सारी त्याच्याबरोबर तपासता येतील.